1936 सालचं वेल्स : एका वर्षावर लेख लिहिताना कुठे घसरायला होतं?

मृदगंध (प्रश्न)

दोन महायुद्धांमधल्या वेल्सवर लेख लिहायला घेतला आहे. सगळा काळ एका लेखात मावणार नाही, म्हणून एकच वर्ष धरलं : 1936. आराखड्यात सध्या तीन गोष्टी आहेत. सप्टेंबरात पेनिबेर्थला लागलेली आग, नोव्हेंबरात राजे आठवे एडवर्ड यांचा खाणभागातला दौरा आणि ऑगस्टमधला फिशगार्डचा राष्ट्रीय आइस्तेद्वोद, म्हणजे वेल्श काव्य-संगीताचा वार्षिक उत्सव. गाडी अडली आहे ती इथे :

1) पेनिबेर्थला आग लावणाऱ्या तिघांना ज्युरीने दोषी ठरवलं नाही असं एकीकडे वाचलं, नऊ महिन्यांची कैद झाली असं दुसरीकडे. खरं काय?

2) राजा "काहीतरी केलं पाहिजे" असं म्हणाला ते कुठे आणि नेमकं कशाबद्दल? त्या वेळी बेकारभत्ता किती होता? "तुटपुंजा" असं लिहून मोकळं व्हायचं नाही, आकडा हवा आहे.

3) आइस्तेद्वोदमध्ये खुर्ची आणि मुकुट असे दोन मान दिसतात. दोन्ही कवितेसाठीच असतील तर फरक काय?

4) लेखाचं सूत्र म्हणून "उत्तर वेल्स भाषेसाठी झगडत होतं आणि दक्षिण वेल्स भाकरीसाठी" असं वाक्य सुचलंय. चालेल का?

---

कोर्टकचेरी

पहिल्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत, कारण खटला दोनदा चालला. क्रम नीट लावला की गोंधळ उरत नाही.

पेनिबेर्थ हे वायव्य वेल्समधल्या लीन द्वीपकल्पावर, पुल्हेली गावाजवळ असलेलं जुनं शेतघर. हवाई दलाला तिथे बाँबफेकीच्या सरावाचं केंद्र उभारायचं होतं. त्याआधी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या, नॉर्थंबरलंड आणि डॉर्सेटमधल्या जागा चर्चेत होत्या. तिथल्या लोकांनी विरोध केला, त्यात पक्ष्यांच्या वस्तीचा मुद्दाही होता, आणि त्या जागा मागे पडल्या. वेल्समधूनही ठराव आणि निवेदनं गेली, पण पंतप्रधान बाल्डविन यांनी शिष्टमंडळाला भेट नाकारली. राग नुसत्या विमानतळाचा नव्हता. त्यांच्या हंसांचं ऐकता आणि आमचं ऐकत नाही, ही ठसठस त्यामागे होती. ही पार्श्वभूमी दोन वाक्यांत तरी द्याच, नाहीतर आग अचानक लागल्यासारखी वाटते.

8 सप्टेंबरच्या पहाटे जळालं ते कंत्राटदाराच्या शेड आणि बांधकामाचं लाकूड. "जुनं घर जाळलं" असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडेल, ते चूक आहे. ते घर बांधकामासाठी आधीच पाडलेलं होतं आणि ते पाडलं हीच आंदोलकांची एक तक्रार होती. आग लावल्यावर तिघे पुल्हेलीच्या पोलीस ठाण्यात गेले आणि जबाबदारी स्वीकारणारं पत्र त्यांनी तिथे दिलं. सॉन्डर्स लुईस हे स्वान्सीच्या विद्यापीठ महाविद्यालयात व्याख्याते होते, लुईस व्हॅलेंटाइन हे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक आणि डी. जे. विल्यम्स हे फिशगार्डला शिक्षक. प्रत्यक्ष कामात आणखी काहीजण मदतीला होते, पण पुढे आले ते हे तिघेच. रात्रीच्या पहारेकऱ्यावर हल्ला झाला का, यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं उलट आहे : पहारेकरी झाला म्हणतो, आरोपी साफ नाही म्हणतात. तुम्ही निकाल देऊ नका, दोन्ही बाजू मांडून पुढे चला.

पहिली सुनावणी 13 ऑक्टोबर 1936 रोजी कायर्नार्व्हनला. त्या काळी इंग्लंड-वेल्समध्ये ज्युरीच्या बाराही जणांचं एकमत लागे. बहुमताचा निकाल चालायला 1967 उजाडावं लागलं. कायर्नार्व्हनच्या ज्युरीचं एकमत झालंच नाही. याचा अर्थ सुटका नव्हे आणि दोषसिद्धीही नव्हे, खटला पुन्हा चालवायचा. "ज्युरीने निर्दोष सोडलं" हे वाक्य म्हणून चुकीचं.

मग सरकार पक्षाने खटला लंडनला, ओल्ड बेली या मध्यवर्ती फौजदारी न्यायालयात हलवून घेतला. आग लावणं ज्यांना मुळीच पटलं नव्हतं असे कितीतरी लोक इथे बिथरले. वेल्श ज्युरीवर भरवसा नाही असाच त्याचा अर्थ लावला गेला. 19 जानेवारी 1937 रोजी तिथे निकाल लागला : प्रत्येकी नऊ महिने. तिघांनी इंग्रजीत साक्ष द्यायला नकार दिला होता. वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगातून ते 27 ऑगस्ट 1937 ला सुटले. म्हणजे शिक्षा तुमच्या वर्षात बसतच नाही. 1936 चा लेख ज्युरीच्या फुटीवर थांबतो आणि माझ्या मते तोच जास्त ताणाचा बिंदू आहे.

भाषेचा धागा सोडू नका. 1536 च्या कायद्याने वेल्समधल्या न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरवली होती आणि 1936 हे त्याचं बरोबर चारशेवं वर्ष. प्रत्यक्षात वेल्श बोलायला मिळे ती दुभाष्यामार्फत, तीही इंग्रजी न येणाऱ्याला. सॉन्डर्स लुईस तर इंग्रजी साहित्यही कोळून प्यायलेले! "येत असूनही बोलणार नाही" या भूमिकेला त्या चौकटीत जागाच नव्हती. पुढे 1938 मध्ये मोठा सह्यांचा अर्ज निघाला आणि 1942 चा वेल्श न्यायालय कायदा आला. त्यानेही मोकळीक अर्धवटच दिली : इंग्रजीमुळे आपली बाजू लंगडी पडते असं वाटणाऱ्यालाच वेल्शमध्ये बोलता येई.

---

शिलिंगपेन्स

दुसरा प्रश्न माझ्याकडे. आधी नाणी : 12 पेन्सचा एक शिलिंग, 20 शिलिंगांचा एक पौंड. मूळ रक्कम शिलिंगातच ठेवा. आजच्या पैशात रूपांतर करून दिलेले आकडे फसवतात, कारण घरभाडं, कोळसा आणि पाव यांचं आपसातलं प्रमाणच वेगळं होतं.

"बेकारभत्ता" या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ केली की सगळं बिघडतं.

पहिली म्हणजे विम्याची रक्कम. मागच्या दोन वर्षांत किमान 30 आठवड्यांची वर्गणी भरलेली असेल तर ती हक्काने मिळे, साधारण 26 आठवडे. 1936 मध्ये दर आठवड्याला पुरुषाला 17 शिलिंग, अवलंबून असलेल्या पत्नीचे 9, प्रत्येक मुलाचे 3. नवरा, बायको आणि दोन मुलं असतील तर 17 + 9 + 6 = 32 शिलिंग. यात घरची चौकशी नाही.

दुसरी म्हणजे ही मुदत संपल्यावरची मदत, बेकारी साहाय्य मंडळाकडून. ती घराची मिळकत तपासून मिळे. मूळ मापात जोडप्याला 24 शिलिंग, मुलांचे वयाप्रमाणे वेगळे आणि भाड्याप्रमाणे कमीजास्त. दोन-चार शिलिंगांच्या फरकापेक्षा खरी मेख होती ती "घर" या एककात. बाप बेकार आणि एकोणीस वर्षांचा मुलगा कामावर असेल, तर मुलाच्या हातखर्चापुरतं सोडून त्याची बाकीची मजुरी घराची मिळकत धरली जाई आणि बापाची मदत तेवढी कापली जाई. मुलाने वेगळी खोली घेतली की बापाची रक्कम वाढे. कमावती मुलं घराबाहेर पडण्यामागे हे गणित होतं. तपासनीस घरात येऊन विचारपूस करी, हा अपमान वेगळाच. दक्षिणेच्या खोऱ्यांत माणसं वर्षानुवर्षं बेकार असल्यामुळे बहुतेकजण या दुसऱ्या खान्यात आले होते, म्हणून तिथे संताप जास्त. विम्यावरच्या तात्पुरत्या बेकाराचे आकडे देऊन खोऱ्यांची कहाणी सांगू नका.

मंडळाची मापं पहिल्यांदा जानेवारी 1935 मध्ये लागू झाली, तेव्हा अनेकांची रक्कम आधीपेक्षा घटली. फेब्रुवारीत दक्षिण वेल्समध्ये लाखोंनी लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला कपात गोठवावी लागली. सुधारित नियम आले ते 16 नोव्हेंबर 1936 ला. ही तारीख अधोरेखित करून ठेवा.

कारण राजा दक्षिण वेल्समध्ये पोचला 18 नोव्हेंबरला. दोन दिवसांचा दौरा, बरोबर मजूरमंत्री आणि आरोग्यमंत्री. तुम्ही म्हणता ते वाक्य मर्थरजवळच्या डाउलेसचं. तिथला पोलाद कारखाना 1930 मध्ये बंद पडला होता आणि राजा त्या ओसाड आवारासमोर उभा होता. त्याच्या बोलण्याचा रोख असा, की या कारखान्याने ही माणसं इथे आणली, आता त्यांना पुन्हा काम मिळावं म्हणून काही व्हायला हवं. शब्द वेगवेगळ्या वृत्तांतांत वेगवेगळे आहेत. "काहीतरी केलं पाहिजे" हे त्याचं घासूनपुसून छोटं झालेलं रूप. अवतरण चिन्हांत टाकायचं असेल तर "असं म्हटल्याचं सांगतात" हे शेपूट लावा.

आणखी एक. 16 नोव्हेंबरलाच संध्याकाळी राजाने बाल्डविन यांना वॉलिस सिंप्सन या घटस्फोटित अमेरिकी बाईंशी लग्न करण्याचा इरादा सांगितला होता. डाउलेसच्या गर्दीला त्याचा पत्ताही नव्हता. ब्रिटिश वृत्तपत्रांनी मौन सोडलं ते डिसेंबरच्या सुरुवातीला. या लग्नापायी त्याने गादी सोडली आणि 11 डिसेंबरला राजा राजा राहिला नाही. "खाणकामगारांची बाजू घेतली म्हणून त्याला घालवला" ही लोककथा तेव्हापासूनची. लोककथा म्हणून जरूर द्या, कारण म्हणून नको.

आणि जॅरो गावातल्या बेकारांचा लंडनला गेलेला मोर्चा यात घुसडू नका. तो इंग्लंडच्या ईशान्येचा, सुमारे 200 माणसांचा. दक्षिण वेल्सचे लोक वेगळ्या, देशभरच्या भूकमोर्चात होते आणि तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला हाइड पार्कला पोचला. तिथल्या वक्त्यांत एब्बव्हेलचे खासदार अनायरिन बेव्हन होते.

---

लीनचा वारा

चौथ्या प्रश्नातलं वाक्य खोडा. ऐकायला छान आहे, पण पुल्हेलीतच ते कोसळतं.

23 मे 1936 रोजी पुल्हेलीच्या मैदानावर बाँबफेक केंद्राच्या विरोधात सभा भरली आणि ती उधळायला आले ते स्थानिक लोकच. त्यांना केंद्र हवं होतं, कारण त्यातून रोजगार येणार होता. लीन द्वीपकल्पातही बेकारी होती. म्हणजे भाषा की भाकरी हा वाद उत्तरेत, वेल्श बोलणाऱ्यांच्या आपसातच पेटला होता. ज्यांनी सभा उधळली तेही बहुतेक वेल्श बोलणारेच होते, हे विसरू नका.

याच पुल्हेलीचा खासदार कोण? कायर्नार्व्हन बरोज हा मतदारसंघ माजी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचा आणि पुल्हेली त्यातच येतं. 4 सप्टेंबर 1936 ला, म्हणजे आगीच्या चार दिवस आधी, हे गृहस्थ बेर्ख्तेसगाडेनला हिटलरच्या भेटीला गेले होते आणि परतल्यावर त्यांनी वर्तमानपत्रात त्याची भलावण केली. ओल्ड बेलीच्या प्रकरणात मात्र सरकारवर तेही खवळले. एकाच माणसाच्या या दोन बाजू शेजारी ठेवल्यात तर त्या वर्षाचा विसंवाद आपोआप कळतो.

---

शिलिंगपेन्स

लीनचा वारा यांचं उत्तरेबद्दलचं म्हणणं मान्य. पण मग दक्षिणेनेही पेनिबेर्थ उचलून धरलं असं कुणी लिहील, तेही नको. खाणकामगार संघटनेचं लक्ष दुसरीकडे होतं. मार्चमध्ये तिचे अध्यक्ष जेम्स ग्रिफिथ्स लनेथ्लीची पोटनिवडणूक जिंकून संसदेत गेले आणि त्यांच्या जागी आर्थर हॉर्नर आले, उघड कम्युनिस्ट. जुलैत स्पेनमध्ये युद्ध पेटलं आणि वर्षअखेरीपासून वेल्श खाणकामगार तिकडे लढायला जाऊ लागले. बाँबफेक केंद्राला विरोध हवाच, पण सॉन्डर्स लुईसांच्या वेल्श राष्ट्रवादी पक्षाबरोबर नको, असा एक सूर डाव्या मंडळींत होता, कारण लुईसांचं युरोपातल्या उजव्या कॅथलिक विचाराशी असलेलं जवळपण त्यांना खुपत होतं. दोन धागे एकाच वर्षात शेजारून गेले, एवढंच म्हणा. गाठ मारू नका.

---

मृदगंध

सूत्रवाक्य खोडलं. 16 नोव्हेंबरपासून 11 डिसेंबरपर्यंतचे आठवडे सलग मांडतो, पुल्हेलीची मे महिन्यातली सभा सुरुवातीला घेतो. खुर्ची आणि मुकुटाचं कुणी सांगेल का?

---

अवेनचा शब्द

सांगतो. दोन्ही मान कवितेचेच, पण घाट वेगळे. मुकुट मिळतो मुक्त घाटातल्या दीर्घ कवितेला. खुर्ची मिळते "औद्ल" या प्रकाराला, ज्यात परंपरेने ठरलेली वृत्तं आणि "किंगहानेद" पाळावं लागतं. किंगहानेद म्हणजे प्रत्येक ओळीच्या आत व्यंजनांची आणि यमकांची ठरावीक जुळणी. सर्वांत कडक प्रकारात ओळीच्या पहिल्या भागातली व्यंजनं त्याच क्रमाने दुसऱ्या भागात परत यायला हवीत. एक व्यंजन निसटलं की ओळ बाद. कवी चांगला असूनही खुर्चीला मुकतो तो बहुधा इथेच. आपल्याकडच्या गणवृत्तात लघुगुरू सांभाळायचे असतात, तिथे त्याच्या जोडीला व्यंजनांची मोजणी आहे असं समजा.

कार्यपद्धती अशी. विषय आधी जाहीर होतो. कवी टोपणनावाने कविता पाठवतो, खरं नाव वेगळ्या बंद लिफाफ्यात. परीक्षक तीन. मंडपात त्यांच्यापैकी एकजण सर्वांच्या वतीने परीक्षण वाचतो आणि शेवटी जिंकलेलं टोपणनाव जाहीर करतो. तोवर श्रोत्यांतल्या कुणाला काही माहीत नसतं. तुतारी वाजते, त्या नावाच्या माणसाने उभं राहायचं. गोर्सेद्दचे, म्हणजे कवि-मंडळाचे झगेवाले सदस्य त्याला व्यासपीठावर आणतात. मोठी तलवार म्यानातून अर्धवट ओढली जाते आणि प्रधान ड्रुइड, म्हणजे कवि-मंडळाचा प्रमुख, विचारतो, "आ ओएस हेद्दुख?", शांतता आहे का? सगळा मंडप ओरडतो, "हेद्दुख!" असं तीनदा. तलवार पूर्ण बाहेर कधीच येत नाही. मग कवी खुर्चीत बसतो. लेखात "तलवार उपसून सलामी" असं काही लिहाल तर सगळाच अर्थ उलटा होईल.

कुणीच लायक नसेल तर खुर्ची रिकामी ठेवतात. 1928 मध्ये ट्रिओर्कीला तसं झालं. ग्वेनाल्ट यांच्या कवितेतलं शारीर वर्णन परीक्षकांना झेपलं नाही.

1936 साली फिशगार्डला खुर्चीचा विषय होता "टी द्वेवी", म्हणजे पेंब्रोकशायरमधलं सेंट डेव्हिड्स. जिंकले सायमन बी. जोन्स. त्याच विषयावर वाल्डो विल्यम्स यांनीही औद्ल पाठवली होती. ती हरली आणि आज जास्त वाचली जाते तीच. सेंट डेव्हिड्स फिशगार्डपासून जवळ, म्हणजे विषय यजमान परगण्यातलाच. डी. जे. विल्यम्स शिकवत ते गावही फिशगार्डच. ऑगस्टात जिथे आइस्तेद्वोदचा मंडप होता, तिथला शिक्षक सप्टेंबरात पुल्हेलीच्या पोलीस ठाण्यात बसला होता. तुमच्या दोन प्रकरणांना जोडणारा खरा दुवा हा, त्यासाठी वेगळं सूत्र शोधायची गरज नाही.

एक सावधगिरी : "सगळा कार्यक्रम वेल्शमध्येच" हा नियम 1936 ला लावू नका. वेल्श ही अधिकृत भाषा ठरवणारी नवी घटना 1937 ची आणि व्यासपीठावर तो नियम कसोशीने पाळला जाऊ लागला 1950 पासून. 1936 मध्ये मंचावरून इंग्रजी भाषणं होत.

---

तळटीप

राहिलेल्या बारीक गोष्टी.

लोकसंख्येचे आकडे 1931 च्या शिरगणतीतून घ्या : वेल्श बोलणारे 9,09,261, म्हणजे 36.8 टक्के. हे प्रमाण तीन वर्षांवरील लोकसंख्येचं आहे. एकूण लोकसंख्येने भागाल तर वेगळं उत्तर येईल. 1941 मध्ये युद्धामुळे शिरगणती झालीच नाही, त्यामुळे 1936 साठी जवळचा दुसरा आकडा मिळणार नाही.

त्या काळच्या सरकारी कागदांत "वेल्स आणि मनमथशायर" असं लिहिलेलं असतं. आकडा नुसत्या वेल्सचा की मनमथशायर धरून, हे प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर पाहा. कोळशाच्या आणि बेकारीच्या तक्त्यांत या एका परगण्याने मोठा फरक पडतो.

कार्डिफला "राजधानी" म्हणू नका, तो दर्जा 1955 चा. वेल्ससाठी स्वतंत्र मंत्रालयही तेव्हा नव्हतं, ते 1965 चं. बीबीसी रेडिओचं वेल्ससाठी वेगळं केंद्र जुलै 1937 मध्ये झालं. 1936 मध्ये वेल्श कार्यक्रम इंग्लंडच्या पश्चिम भागाबरोबरच्या सामायिक विभागातून, सॉमरसेटमधल्या वॉशफर्डच्या मनोऱ्यावरून येत. उत्तरेत ते नीट ऐकू येत नसत. "घराघरांत रेडिओवर खटल्याच्या बातम्या वेल्शमध्ये" असला प्रसंग रंगवू नका.

वृत्तपत्रं शोधताना : वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा मोफत वृत्तपत्रसंग्रह 1919 ला थांबतो, तिथे 1936 शोधण्यात वेळ घालवू नका. त्याच ग्रंथालयाचं नियतकालिकांचं वेगळं दालन आहे, त्यात त्या वर्षांची वेल्श मासिकं-त्रैमासिकं सापडतात. संसदेतल्या चर्चा तारखेनुसार खुल्या आहेत. कार्डिफच्या "वेस्टर्न मेल"चे उतारे मिळाले तर तो संघटनांना आणि राष्ट्रवाद्यांना दोघांनाही पाण्यात पाहणारा पेपर होता हे ध्यानात ठेवून वाचा. गर्दीचे आकडे तर दुसऱ्या एखाद्या वृत्तांताशी ताडल्याशिवाय उचलू नका.

आणि खेळ घालायचा असेल तर 17 ऑक्टोबर 1936 : कार्डिफला फुटबॉलमध्ये वेल्सने इंग्लंडला 2–1 ने हरवलं. कायर्नार्व्हनची ज्युरी फुटून तेव्हा चार दिवस झाले होते.